लष्करी वैद्यकीय कॉलेज आणि आमच्या मुली

दहावीचा निकाल लागून चार दिवस झाले म्हणजे आमच्या शाळेच्या ओसरीवर एखादा तरी पिता आपल्या कन्येस बरोबर घेऊन उभा असलेला दिसतो. मुलीला गुण उत्तम मिळालेले असतात. पिता म्हणतो, "बाई, हिला पुण्याच्या लष्करी डॉक्टरी कॉलेजांत घालावयाची आहे. क्लास कोणता लावूं तेवढें सांगा." मी मुलीकडे वळून विचारतें, "कां ग, तुला तिकडे कां जावेंसें वाटतें?" मुलगी पायाच्या अंगठ्यानें फरशी कोरीत राहते, आणि उत्तर पिता देतो. गेल्या वीस वर्षांत हा प्रसंग मीं इतक्या वेळां पाहिला आहे कीं, त्याविषयीं चार शब्द लिहावेत असें बरेच दिवस मनांत घोळत होतें. संपादकांनीं जागा दिली, त्यांचे आभार मानून लिहितें.

ज्या संस्थेविषयीं बोलावयाचें ती आधीं ओळखून घेऊं. पुण्याचें आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेज १९४८ च्या मे महिन्यांत स्थापन झालें. डॉ. बिधानचंद्र रॉय ह्यांच्या अध्यक्षतेखालील समितीनें तशी शिफारस केली होती. आरंभीं आधींच डॉक्टर असलेल्या लष्करी अधिकाऱ्यांस तेथें पुढील शिक्षण मिळे. कोवळ्या विद्यार्थ्यांस वैद्यकाच्या पहिल्या पदवीसाठीं घेण्याचा प्रघात १९६२ च्या ऑगस्टांत पडला, आणि त्या अगदीं आरंभींच्या तुकड्यांत मुली होत्या. त्यांतील पुनीता अरोरा २००४ सालीं लेफ्टनंट जनरल झाल्या व ज्या कॉलेजांत शिकल्या त्याच कॉलेजाच्या प्रमुख झाल्या. पद्मा बंदोपाध्याय ह्यांना त्याच वर्षीं हवाई दलांत एअर मार्शलचा हुद्दा मिळाला. २०२४ सालीं तर तिन्ही दलांच्या समग्र वैद्यकीय सेवेच्या महासंचालकपदीं आरती सरीन व भूसेनेच्या वैद्यकीय सेवेच्या महासंचालकपदीं साधना सक्सेना नायर अशा ह्याच कॉलेजच्या दोन विद्यार्थिनी एका वर्षांत बसल्या. तेव्हां "मुलींना हें झेपेल काय?" हा प्रश्न पालकांनीं मजसमोर काढूं नये. त्याचें उत्तर देण्याची पाळी माझ्यावर येण्यापूर्वींच तें दिलें गेलेलें आहे.

आतां प्रवेशाचे नियम. ते थोडक्यांत सांगतें, कारण ते दरवर्षीं माहितीपत्रकांत छापले जातात आणि तें माहितीपत्रक प्रत्येक पित्यानें स्वतः वाचावें, शेजाऱ्याच्या ऐकीव माहितीवर राहूं नये. मुलगी अविवाहित असावी. त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला तिला सतरा वर्षें पुरीं झालेलीं असावींत. बारावीस भौतिक, रसायन, जीवशास्त्र व इंग्रजी हे विषय घेऊन ती पहिल्याच प्रयत्नांत उत्तीर्ण झालेली असावी. तीन शास्त्रविषयांत मिळून निदान ६० टक्के, प्रत्येकांत निदान ५० व इंग्रजींतहि निदान ५० टक्के गुण असावेत. दहावीस गणित घेतलेलें असावें. नंतर सर्व देशाची जी नीट परीक्षा, तिच्या ७२० गुणांवर पहिली चाळणी होते. मात्र नीटचे गुण आपोआप पुण्यास पोहोंचत नाहींत. मेडिकल कौन्सेलिंग कमिटीकडे ह्या कॉलेजासाठीं निराळी नोंदणी मुदतींत करावी लागते. ही एवढीशी गोष्ट ठाऊक नसल्यामुळें आमच्याच तालुक्यांतील एका मुलीचें वर्ष गेलें. गुण होते, नोंदणी नव्हती.

चाळणींतून जी उरते तिला पुण्यास बोलावतात. तेथें इंग्रजी भाषा, आकलन व तर्कशक्ति ह्यांची ४० प्रश्नांची व ८० गुणांची परीक्षा, मानसिक कलाची चांचणी, ५० गुणांची मुलाखत आणि शेवटीं वैद्यकीय तपासणी अशीं सारीं दिव्यें पार पाडावीं लागतात. क्लास ह्यांपैकीं नीटपुरता उपयोगी पडतो हें मी नाकारीत नाहीं. ७२० पैकीं ३६० गुण जीवशास्त्राचे आहेत, आणि पाठ्यपुस्तक ओळ न् ओळ वाचण्याची शिस्त ज्या मुलीस घरीं लागत नाहीं तिला क्लासांत लागली तर लागो बापडी. परंतु पुण्याला जें विचारतात तें कोणत्याहि क्लासांत दोन वर्षांत शिकवून होत नाहीं. तें पांचवीपासून दहावीपर्यंत घरीं व शाळेंत घडावें लागतें. आमचें व पालकांचें दुर्लक्ष होतें तें नेमकें तेथें.

भाषेचीच गोष्ट घ्या. नीट परीक्षा मराठींतहि देतां येते, आणि मराठी माध्यमाच्या मुलीनें ती खुशाल मराठींत द्यावी. त्यांत कमीपणा मुळींच नाहीं. पण पुण्याच्या परीक्षेंत इंग्रजी उतारा पुढें येतो आणि घड्याळ धांवूं लागतें. जिनें इंग्रजी म्हणजे पाठ करावयाचीं उत्तरें एवढाच अर्थ पांच वर्षें घेतला, ती तेथें बुडते. कित्येक पालक ह्यावर उपाय म्हणून मुलीला एकदम माध्यम बदलावयास लावतात. हा उपाय रोगाहून वाईट. मुलीला विषयहि कळत नाहीं व भाषाहि येत नाहीं. माझा अनुभव असा आहे कीं, जी मुलगी रोज सायंकाळीं धाकट्या भावंडास शास्त्राचा एक पाठ आधीं मराठींत समजावून मग तोच मोडक्यातोडक्या इंग्रजींत सांगते, ती तीन वर्षांत न अडखळतां बोलूं लागते. खर्च कांहीं नाहीं. फक्त घरांतील माणसांनीं हंसूं नये. आणि मराठी सुटूं देऊं नये हेंहि सांगून ठेवतें. साताऱ्याचा शिपाई दुखणें सांगेल तें मराठींत. त्याच्या शेजारच्या खाटेवरचा गढवालचा शिपाई सांगेल तें हिंदींत. ज्या डॉक्टरणीला रोग्याचें बोलणें ऐकावयाचें आहे तिला एकाच भाषेची घमेंड परवडत नाहीं.

शरीराविषयीं मला अधिक लिहावयाचें आहे, कारण ह्या बाबतींत आम्ही फार मोठे अपराधी आहों. तेव्हांच्या अहमदनगरांत, म्हणजे आजच्या अहिल्यानगरांत, १८६२ सालीं एका ख्रिस्ती कुटुंबांत कृपाबाई जन्मल्या. पुढें त्या सत्यनाथन घराण्यांत गेल्या व इंग्रजी कादंबरीकार म्हणून प्रसिद्धीस आल्या. त्या १८७८ सालीं मद्रासच्या मेडिकल कॉलेजांत दाखल झाल्या होत्या. बुद्धि उणी नव्हती, अभ्यासांत त्यांनीं पहिल्याच वर्षीं चमक दाखविली. प्रकृति ढांसळली आणि वैद्यक सोडावें लागलें. १८९४ सालीं, अवघ्या बत्तिसाव्या वर्षीं त्या वारल्या. आनंदीबाई जोशी १८८६ सालीं अमेरिकेंत डॉक्टर झाल्या, आणि पुढच्याच फेब्रुवारींत पुण्यास त्यांचें देहावसान झालें. वय पुरतें बावीसहि नव्हतें. ह्या दोघींच्या हुशारीची स्तुति आम्ही वर्गांत दरसाल करतों. त्यांचें शरीर हुशारीला पुरलें नाहीं, हें मात्र सांगावयाचें विसरतों. क्षयावर आज औषध आहे. परंतु घराघरांत मुलीनें सर्वांच्या मागून जेवावें, उरलेलें खावें, परीक्षेच्या दिवसांत चहा-बिस्किटांवर राहावें, आणि तेराव्या वर्षानंतर धांवूं नये, ही रीत कांहीं तेवढी बदललेली नाहीं. दूध मुलाला आणि "तुला नको ना ग?" हें मुलीला, हा संवाद मीं सुशिक्षित घरांतहि माझ्या कानांनीं ऐकला आहे.

माझी एक विद्यार्थिनी सर्व पायऱ्या चढून वैद्यकीय तपासणीपर्यंत गेली. गुणांचा प्रश्न नव्हता. वजन उणें, रक्त उणें, दांत किडलेले. ती परत आली तेव्हां तिची आई रडत म्हणाली, "बाई, दोन वर्षें आम्हीं हिला कामाला हात लावूं दिला नाहीं, नुसती अभ्यासाला बसवली." मला तिचें सांत्वन करतां आलें नाहीं. दोन वर्षें बसवली हेंच तर झालें होतें. डोळे, कान, दांत, रक्त व वजन हीं नववींतच एकदां डॉक्टरांकडून तपासून घ्यावींत. जें सुधारण्याजोगें आहे तें सुधारण्यास अवधि मिळतो. आणि डोळ्यांचा रंगदोष अगर असा एखादा दोष निघालाच, तर मुलीला खोट्या आशेवर न ठेवतां दुसरी वाट वेळींच दाखवितां येते. आरोग्याची चौकशी म्हणजे लग्नाच्या बाजारांत बोभाटा होण्याची भीति, असें समजून जे पालक ती टाळतात त्यांच्याविषयीं काय बोलावें!

मुलाखतीविषयीं लिहितांना मला माझी स्वतःची एक गोष्ट सांगणें भाग आहे. मी सतरा वर्षांची होतें. त्या काळीं कॉलेजची स्वतःची लेखी प्रवेशपरीक्षा असे. वसतिगृहाच्या बाईंनीं माझ्यासाठीं अर्जाचा कागद मागविला. माझे वडील मिशनच्या दवाखान्यांत कंपाउंडर होते. सुटींत घरीं आल्यावर कागद मीं त्यांच्या हातीं दिला. ते "पाहूं" म्हणाले व तो त्यांनीं ट्रंकेंत ठेवला. मीं पुन्हां विचारलें नाहीं. मुलीनें दोनदां विचारूं नये असें मला वाटे. मुदत गेली, मी कला शाखेस गेलें, पदवीधर झालें, शिक्षिका झालें, आणि ह्या कामांत मी सुखी आहें. वडील वारल्यानंतर ती ट्रंक उघडली तेव्हां तो कागद सांपडला. अर्धा त्यांच्याच अक्षरांत भरलेला होता. नांव, जन्मतारीख, शाळा, सारें वळणदार लिहिलें होतें. मी पुन्हां विचारीन म्हणून ते थांबले होते, कीं लिहितां लिहितां त्यांना भीति वाटली, हें आतां समजण्यास मार्ग नाहीं. त्यांना दोष देण्यासाठीं हें सांगत नाहीं. मी एक प्रश्न विचारला नाहीं, एवढाच भाग मला सांगावयाचा आहे.

म्हणून ओसरीवर उभ्या असलेल्या त्या मुलीच्या मौनाची मला काळजी वाटते. मुलाखतीच्या टेबलामागें बसलेले अधिकारी विद्वत्ता मोजीत नाहींत. ती नीटनें मोजलेली असते. त्यांना पाहावयाचें असतें कीं ह्या मुलीला स्वतःचें मत आहे काय, आणि तें नम्रपणें पण न डगमगतां ती सांगूं शकते काय. "देशसेवा करावयाची आहे" हें वाक्य पाठ करून जाणाऱ्या शेंकडों मुली असतात. त्यापुढें "म्हणजे नेमकें काय करावयाचें आहे?" असा प्रश्न आला म्हणजे पाठांतर संपतें. पाठांतराला उत्तर म्हणून मुलाखतीचा निराळा क्लास निघाला आहे, आणि तेथें दुसरें पाठांतर देतात. खरा अभ्यास जेवणाच्या पाटावर होतो. घरांत एखाद्या गोष्टीचा निर्णय होत असतां सोळा वर्षांच्या मुलीला विचारा, "तुला काय वाटतें?" आणि तिचें म्हणणें चुकलें तरी पुरें ऐकून घ्या. जिचें घरांत कोणी ऐकलें नाहीं, ती पुण्यास जाऊन एकाएकीं बोलूं लागेल ही अपेक्षा व्यर्थ आहे. मानसिक कलाच्या चांचणीसाठीं तर तयारी म्हणून कांहीं करूंच नये. जें खरें असेल तें लिहावें.

आतां करारनाम्याकडे वळतें. शिक्षणाचा व राहण्याचा भार सरकार उचलतें, हें ऐकून आमच्यासारख्या बेताच्या मिळकतीच्या घरांतून ह्या कॉलेजकडे डोळे लागतात. त्यांत लाज वाटण्यासारखें कांहीं नाहीं. खाजगी कॉलेजांची फी ऐकून कोणाचीहि छाती दडपेल. परंतु फुकट असें जगांत थोडें असतें. विद्यार्थिनीनें व तिच्या पालकानें प्रवेशाच्या वेळीं करारावर सही करावयाची असते, आणि पदवीनंतर निदान सात वर्षें लष्करी वैद्यकीय सेवेंत काढावयाचीं असतात. ज्यांना कायम नेमणूक मिळते त्यांची सेवा अर्थातच त्याहून लांब. करार मोडणाऱ्यास मोठी रक्कम भरावी लागते. साडेचार वर्षांचा अभ्यास, एक वर्षाची उमेदवारी व वर सात वर्षें असा हिशेब केल्यास अठराव्या वर्षीं सही करणारी मुलगी तीस ओलांडीपर्यंत आपल्या वाटेल त्या गांवीं दवाखाना घालूं शकत नाहीं. सही करण्यापूर्वीं हा हिशेब मुलीनें स्वतः, आपल्या हातानें, कागदावर मांडावा. केवळ पैसा वांचतो म्हणून जी जाईल ती दुसऱ्या वर्षीं पहांटेच्या कवायतीला कंटाळेल. मग तिचेंहि नुकसान आणि जिची जागा तिनें अडविली तिचेंहि. गणवेशाच्या रुबाबासाठीं जाणारीची अवस्था याहून फारशी निराळी नसते.

ह्याच हिशेबाशीं लग्नाचा प्रश्न येऊन भिडतो, आणि येथें माता अधिक अस्वस्थ होतात. शिक्षण चालूं असतां विवाह करतां येत नाहीं. पुढें बदल्या होतात. जांवई कसा मिळेल? ह्यावर मी माधुरी कानिटकर ह्यांचें उदाहरण देतें. ह्याच कॉलेजच्या विद्यार्थिनी, मुलांच्या मूत्रपिंडरोगांच्या तज्ज्ञ, २०२० सालीं लेफ्टनंट जनरल, आणि पुढें नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कुलगुरु. त्यांचे पतीहि सैन्यांत त्याच हुद्द्यापर्यंत चढले. पतिपत्नी दोघेंहि लेफ्टनंट जनरल, असें त्यापूर्वीं झालेलें नव्हतें. सर्वांच्या वांट्यास असें येत नाहीं हें मीहि जाणतें. वियोग असतो, लेकरें आजीजवळ ठेवावीं लागतात. परंतु परगांवीं नोकरी करणाऱ्या परिचारिका व शिक्षिका आमच्या मंडळींत पिढ्यान्‌पिढ्या आहेत. त्यांच्या वियोगाचा कोणी बाऊ केला नाहीं. पगार घरीं येत होता ना! मुलगी अधिकारी होऊं म्हणाली कीं मात्र तोच वियोग एकाएकीं असह्य होतो.

सरहद्दीची भीति ही ह्याच्या पलीकडची. ती खरी आहे, तिला मी हंसणार नाहीं. २०२३ च्या डिसेंबरांत कॅप्टन गीतिका कौल ही सियाचीनच्या हिमप्रदेशांत नेमली गेलेली पहिली स्त्री वैद्यकीय अधिकारी झाली. तेथें तिला पाठविण्यापूर्वीं तिचेंहि खडतर शिक्षण झालें. एखाद्या पित्यानें म्हटलें कीं माझ्या मुलीनें तेथें जाऊं नये असें मला वाटतें, तर मी वाद घालणार नाहीं. परंतु तें त्यानें मुलीसमोर, अर्ज भरण्यापूर्वीं, स्पष्ट म्हणावें आणि तिचें उत्तर ऐकावें. कागद ट्रंकेंत ठेवूं नये.

एका गोष्टीबद्दल मात्र माझा राग सरकारवर आहे, आणि तो येथें लिहून ठेवतें. अलीकडच्या वर्षांत ह्या कॉलेजांत भारतीय विद्यार्थ्यांसाठीं १४५ जागा असतात. त्यांपैकीं मुलांसाठीं ११५ आणि मुलींसाठीं ३०. नीट परीक्षेस २०२४ सालीं जे सुमारें २४ लाख उमेदवार नोंदले गेले त्यांत मुली १३ लाखांहून अधिक होत्या. परीक्षेस अर्ध्याहून जास्त मुली आणि जागा पांचांत एक. परिणाम असा होतो कीं, मुलांच्या यादींत सहज बसली असती एवढे गुण मिळविलेली मुलगी मुलींच्या यादींतून गळते. पूर्वीं ह्याचें समर्थन होत असे कीं स्त्री अधिकाऱ्यांना सर्वत्र धाडतां येत नाहीं. परंतु २०२० च्या फेब्रुवारींत सर्वोच्च न्यायालयानें भूसेनेंतील स्त्री अधिकाऱ्यांच्या कायम नेमणुकीचा निकाल दिला. खडकवासल्याच्या प्रबोधिनीचें दार २०२२ सालीं मुलींना उघडलें, आणि २०२५ च्या मे महिन्यांत तेथून पहिल्या १७ मुली उत्तीर्ण होऊन बाहेर पडल्या. शस्त्र हातीं देण्यास ज्यांना आतां हरकत वाटत नाहीं, त्यांना स्टेथॉस्कोप देतांना तीसच्या पुढें मोजतां कां येऊं नये? सैनिकाची जखम बांधणाऱ्या हाताला स्त्रीपुरुषभेद नसतो, हें तर लष्करानें सर्वांच्या आधीं जाणलें होतें.

हा अन्याय दूर होईपर्यंत आमच्या मुलींनीं वाट पाहत बसावें असें मी म्हणत नाहीं. अधिक गुण मिळविणें भाग आहे तर ते मिळवावेत. पण तीस जागांचा अर्थ त्यांना आणि त्यांच्या पालकांना नीट कळलेला असावा. निवड न झाली तर ती मुलगी नालायक ठरत नाहीं. त्याच नीटच्या गुणांवर इतर सरकारी कॉलेजांचीं दारें उघडीं असतात, आणि तेथें शिकून पदवीनंतरहि लष्करी वैद्यकीय सेवेंत अर्ज करतां येतो. हें सांगितलें म्हणजे कित्येक घरांतील ताण निम्मा उतरतो, असें मीं पाहिलें आहे.

मुख्याध्यापकांच्या परवानगीनें ह्या वर्षीं जुलैपासून सकाळीं साडेसहा ते सव्वासात शाळेचें मैदान केवळ मुलींसाठीं मोकळें ठेविलें आहे. पहिल्या आठवड्यांत अकरा जणी आल्या. मग पाऊस लागला, मग चांचणी परीक्षा आली, आणि आतां चौघी येतात. त्यांतल्या एकीचा पिता मेंढ्यांचा व्यापार करतो. तो फाटकाशीं मोटारसायकल लावून घड्याळांत पाहतो आणि मुलगी जवळून गेली कीं किती मिनिटें झालीं तें मोठ्यानें सांगतो. गेल्या सोमवारीं मीं त्यास विचारलें, "हिला पुण्यास घालावयाची आहे काय?" तो म्हणाला, "तिलाच विचारा, बाई." मुलगी धांवत होती म्हणून थांबलें. फेरी पुरी करून ती आली आणि धापा टाकीत म्हणाली, "अजून ठरवलें नाहीं. पण बाई, तो इंग्रजी उतारा आज दुपारीं घ्याल का?"